ख्रिस्ती नम्रता

ख्रिस्ती नम्रता हा ख्रिस्ती धर्माच्या नीतिविचारातील एक मूलभूत सद्गुण होय. आपले अस्तित्व, गुण आणि यश ही देवाची देणगी आहे या जाणिवेने स्वतःकडे यथार्थ दृष्टीने पाहणे, आणि आपला मान, अधिकार किंवा सोय दुसऱ्याच्या हितासाठी स्वेच्छेने बाजूस ठेवणे, असा तिचा अर्थ सांगितला जातो. न्यूनगंड, लाचारी आणि दिखाऊ विनय यांपासून ती भिन्न मानली जाते. महाराष्ट्रात या कल्पनेचा संतपरंपरेतील अमानित्वाशी आणि लहानपणाच्या आदर्शाशी निकटचा संबंध आला. फादर थॉमस स्टीफन्स, पंडिता रमाबाई व रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या कार्यात तिची भिन्नभिन्न रूपे दिसतात. आत्मप्रदर्शनाला प्रतिष्ठा लाभलेल्या आजच्या काळात हा सद्गुण आचरता येतो का, आणि नम्रतेची अपेक्षा कोणी कोणाकडून करावी, हे या विषयातील दोन प्रमुख प्रश्न आहेत.

शब्द आणि अर्थ

लॅटिन भाषेतील ‘ह्युमिलितास’ हा शब्द ‘ह्युमुस’ म्हणजे माती या शब्दाशी संबंधित आहे. जमिनीला धरून असणे हा त्यातील मूळ भाव होय. ग्रीक भाषेतील ‘तापेइनोस’ हा शब्द अभिजात ग्रीक वाङ्मयात बहुधा हीन, खालच्या दर्जाचा अशा अर्थाने येतो. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातील आदर्श पुरुष मोठ्या सन्मानास पात्र असतो आणि आपण तसे आहोत हे जाणतोही. त्या जगात क्षुद्रतेचा वाचक असलेला शब्द ख्रिस्ती लेखकांनी सद्गुणाचा वाचक म्हणून स्वीकारला. नीतिकल्पनांच्या इतिहासातील हे एक लक्षणीय अर्थांतर मानले जाते.

मराठीत या कल्पनेसाठी नम्रता, लीनता, दीनता, विनय व सौम्यता असे शब्द वापरले जातात. परंतु त्यांच्या अर्थछटा सारख्या नाहीत. ‘विनय’ शिक्षणाने व संस्काराने येणारा शिष्टाचार सुचवतो, ‘लीनता’ देवापुढील शरणभाव, तर ‘दीनता’ या शब्दात दारिद्र्य व असहायता यांचीही छाया आहे. येशूच्या डोंगरावरील प्रवचनातील ‘आत्म्याने दीन’ हा मराठी शब्दप्रयोग त्यामुळे विवरणावाचून नीट उमगत नाही. तेथील दीनता परिस्थितीने लादलेली लाचारी नसून देवावाचून आपण अपुरे आहोत ही स्वतःहून दिलेली कबुली आहे.

बायबलमधील आधार

जुन्या करारातील गणना या पुस्तकात मोशेचे वर्णन पृथ्वीवरील सर्वांत नम्र मनुष्य असे केले आहे. इजिप्तच्या राजाला आव्हान देणाऱ्या नेत्याला हे विशेषण लावले गेल्यामुळे नम्रता आणि भित्रेपणा एक नव्हेत, हे भाष्यकारांनी वारंवार दाखवून दिले आहे. मीखा या संदेष्ट्याने न्यायाने वागणे, दयेची आवड धरणे आणि देवासमागमे नम्रपणे चालणे या तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत.

नव्या करारात येशूचे जीवन हाच नम्रतेचा मुख्य पाठ ठरतो. लूकच्या शुभवर्तमानात मेजवानीला गेल्यावर मानाची जागा न घेण्याचा दृष्टान्त आणि परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त येतो. दुसऱ्या दृष्टान्तातील परूशी प्रत्यक्षात सदाचारी आहे. त्याचा दोष इतकाच की त्याची प्रार्थना स्वतःच्या स्तुतीत आणि दुसऱ्याशी केलेल्या तुलनेत अडकली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात दान, प्रार्थना व उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नयेत, असा उपदेश आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतो. धुळीने माखलेले पाय धुणे हे त्या काळी चाकराचे काम होते. पेत्र आधी नकार देतो. म्हणजे सेवा करण्याइतकेच सेवा स्वीकारणेही मनुष्याला जड जाते, हे या प्रसंगातून सूचित होते. पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात देवस्वरूप असूनही ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, असे प्रतिपादन आहे. या आत्मरिक्ततेला धर्मशास्त्रात ‘केनोसिस’ म्हणतात. जो वर आहे त्याने खाली उतरावे, ही येथील दिशा आहे. खाली असलेल्याला अधिक खाली ढकलणे हा या शिकवणीचा आशय नाही.

ख्रिस्ती परंपरेतील विकास

चौथ्या-पाचव्या शतकांतील संत ऑगस्टीनने गर्व हे पापाचे मूळ मानले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या मठनियमांचा सातवा अध्याय नम्रतेला वाहिलेला असून त्यात तिच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरी पहिल्याने ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ हे बिरुद वापरले आणि ते पुढे पोपपदाशी जोडले गेले. बाराव्या शतकात क्लेअरव्हॉच्या बर्नार्डने नम्रता व गर्व यांच्या पायऱ्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेराव्या शतकात असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या संघाला ‘लहान बंधूंचा संघ’ असे नाव दिले.

सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत तेरेसा हिने नम्रतेची सांगड सत्याशी घातली. तिच्या मते नम्र असणे म्हणजे सत्यात वावरणे. या व्याख्येमुळे एक महत्त्वाचा गैरसमज दूर होतो. उत्तम गाणाऱ्याने आपल्याला गाता येत नाही असे म्हणणे ही नम्रता नव्हे, ते असत्य होय. गाता येते हे मान्य करून, त्या देणगीचा मालक आपण नाही हे ओळखणे ही नम्रता होय. विसाव्या शतकात सी. एस. लुईस याने ‘मिअर ख्रिश्चॅनिटी’ (१९५२) या ग्रंथात गर्वाला सर्वांत मोठे पाप म्हटले आणि गर्व मूलतः तुलनेवर जगतो, हे स्पष्ट केले. नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणे नसून स्वतःचा विचार कमी वेळा करणे, हे प्रचलित वचन अनेकदा लुईसच्या नावावर सांगितले जाते. ते प्रत्यक्षात अमेरिकन धर्मोपदेशक रिक वॉरेन यांच्या २००२ मधील पुस्तकात आढळते.

महाराष्ट्रातील परंपरा

गोव्यात कार्य करणारे इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा ग्रंथ १६१६ मध्ये राचोल येथे छापला गेला. सत्ताधाऱ्यांची भाषा हाताशी असता परक्या मनुष्याने श्रोत्यांच्या भाषेचे शिष्यत्व पत्करावे आणि त्या भाषेचा मुक्तकंठाने गौरव करावा, याकडे अभ्यासकांनी आदराने पाहिले आहे.

मराठी ख्रिस्ती विचाराला संतसाहित्याची जमीन लाभली. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांत अमानित्व प्रथम येते आणि ज्ञानेश्वरीत त्यावर विस्तृत विवरण आहे. तुकारामांच्या अभंगांत लहानपणाची मागणी वारंवार आढळते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भूमिका होती. अभंग, भजन व कीर्तन हे प्रकार त्यांनी ख्रिस्ती उपासनेत रुजवले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यस्त जीवन स्वीकारले आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ या उपक्रमास आरंभ केला.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नम्रतेचे निराळे दर्शन घडते. सनातनी घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंना पतीच्या धर्मांतरानंतर सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांशी दीर्घ झगडा करावा लागला. जातिभेद मनुष्यानेच निर्माण केला आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या. आपल्या जन्मजात श्रेष्ठत्वावरील हक्क सोडणे हे उच्चवर्णीय व्यक्तीच्या बाबतीत नम्रतेचे सर्वांत मूर्त रूप ठरते. स्वतःच्या फजितीवर मोकळेपणी हसणारी त्यांची निवेदनशैलीही याच वृत्तीची साक्ष देते.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे चरित्र या विषयात विशेष महत्त्वाचे आहे. ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर चेल्टनहॅम येथे असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर प्रश्न विचारल्याबद्दल त्यांच्यावर अहंकाराचा आरोप झाला आणि सिस्टर जेराल्डिन यांनी पत्रांतून त्यांना आज्ञाधारकपणाचा उपदेश केला. रमाबाईंनी आदर राखून, पण ठामपणे, आपली विवेकबुद्धी कोणाच्याही स्वाधीन करण्यास नकार दिला.

याच रमाबाईंनी पुढे विधवा व निराधार स्त्रियांच्या सेवेला आयुष्य वाहिले. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. दुष्काळग्रस्त मुलींना आश्रय देण्याच्या कार्यातून पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन उभे राहिले. हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असूनही त्यांनी संस्कृतप्रचुर भाषा टाळली आणि अल्पशिक्षित स्त्रीलाही समजेल अशी साधी मराठी योजली. छपाईच्या कामात मुक्ती मिशनमधील स्त्रियांचा हात होता. रमाबाईंच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले. अधिकाराने मागितलेली शरणागती नाकारणे आणि दुर्बलांसाठी आपली विद्वत्ता झुकवणे, या दोन्ही गोष्टी एकाच स्वभावात नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रातून दिसते.

पेण, रोहे आणि परिसर

रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या तालुक्यांच्या परिसरात नम्रतेच्या विचाराला अनेक धर्मपरंपरांचा संदर्भ आहे. रोह्याजवळून वाहणारी कुंडलिका नदी रेवदंडा व कोर्लई यांच्या दरम्यान समुद्राला मिळते. या मुखाजवळील चौल-रेवदंडा हे पोर्तुगीज ठाणे होते आणि तेथे फ्रान्सिस्कनांसह अनेक ख्रिस्ती संघांचे मठ होते. १७४० मध्ये हा प्रदेश मराठ्यांकडे आला. कोर्लई येथील ख्रिस्ती समाजाने पोर्तुगीज भाषेतून उद्भवलेली आपली बोली आजवर टिकवली आहे. पेण, अलिबाग व आसपासच्या गावांत बेने इस्रायल ज्यू समाजही शतकानुशतके राहत होता. नम्र मोशेची कथा ही या समाजाची आणि ख्रिस्ती समाजाची सामाईक ठेव आहे.

आचार्य विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. त्यांनी नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन सिद्ध केले. सत्याग्रह आश्रमातील अकरा व्रतांची त्यांनी जी पद्यबद्ध मांडणी केली, तिच्यात नम्रता हे बारावे व्रत म्हणून येत नाही. सर्व व्रते नम्रतेने आचरावीत, असे तिच्यात सांगितले आहे. या मांडणीमागे महात्मा गांधींचा विचार आहे. १९३० मध्ये येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत गांधींनी नम्रतेला स्वतंत्र व्रत मानले नाही, कारण नम्र होण्याचा जाणीवपूर्वक सराव करू पाहणारा मनुष्य दंभाकडे वळण्याचा संभव असतो. नम्रता इतर आचरणात नकळत मुरलेली असावी, हा त्यांचा अभिप्राय होता. ख्रिस्ती मठपरंपरेतील लेखकांनीही हाच धोका ओळखला होता.

स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांचा जन्म रोहे येथे झाला. स्वाध्यायींच्या भक्तिफेरीत कार्यकर्ते स्वखर्चाने गावोगाव जातात आणि गावकऱ्यांवर आपला भार पडू देत नाहीत. आठवले यांना १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाला. या पुरस्काराचे संस्थापक सर जॉन टेम्पलटन हे प्रेसबिटेरियन ख्रिस्ती होते. देवाविषयी मनुष्याला फारच थोडे ज्ञात आहे, ही नम्र भूमिका त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हम्बल ॲप्रोच’ या पुस्तकात मांडली होती. विनोबा व आठवले हे दोघेही ख्रिस्ती नव्हते. परंतु सेवेला मोठेपणाचे साधन होऊ न देण्याचा प्रश्न त्यांच्या कार्यातही तितकाच मध्यवर्ती होता.

आत्मकेंद्रित संस्कृती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य समाजातील वाढत्या आत्मकेंद्रितपणाची चर्चा सुरू झाली. अमेरिकन लेखक टॉम वुल्फ यांनी १९७६ मध्ये त्या दशकाला ‘मी’चे दशक म्हटले. क्रिस्टोफर लॅश यांचे ‘द कल्चर ऑफ नार्सिसिझम’ हे पुस्तक १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड शब्दकोशांनी ‘सेल्फी’ हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. नव्या पिढ्या पूर्वीपेक्षा अधिक आत्ममग्न आहेत, या मतावर मात्र मानसशास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही.

महाराष्ट्रात चौकाचौकांतील वाढदिवसाचे फ्लेक्स, देणगीदारांच्या नावांच्या पाट्या आणि दानाची समाजमाध्यमांवरील छायाचित्रे ही आत्मप्रदर्शनाची परिचित रूपे आहेत. धर्मसंस्था त्यांपासून अलिप्त नाहीत. मंदिराची पायरी असो वा चर्चमधील बाक, दात्याचे नाव कोरण्याची प्रथा दोन्हीकडे आढळते. नोकरीच्या अर्जात व मुलाखतीत स्वतःचे गुण सांगणे तर अपरिहार्यच झाले आहे. तेरेसाच्या व्याख्येनुसार पाहता, खरी पात्रता सांगणे नम्रतेच्या आड येत नाही. नसलेली पात्रता मिरवणे आणि सहकाऱ्याच्या श्रमाचे श्रेय घेणे मात्र तिच्या विरुद्ध जाते.

मानसशास्त्रातही या गुणाचा स्वतंत्र अभ्यास होऊ लागला आहे. मायकेल ॲश्टन व किबिओम ली यांनी विकसित केलेल्या ‘हेक्झाको’ या व्यक्तिमत्त्व-प्रतिमानात प्रामाणिकपणा व नम्रता मिळून एक घटक मानला आहे. क्रिस्टोफर पीटरसन व मार्टिन सेलिग्मन यांच्या २००४ मधील ग्रंथात विनय व नम्रता यांचा समावेश चारित्र्याच्या बलस्थानांत केला आहे.

आचरणाची रूपे

ख्रिस्ती उपासनेत नम्रतेचे आचरण वर्षचक्रात गुंफलेले आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून मनुष्य मातीचा आहे, याचे स्मरण केले जाते. पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये धर्मगुरू उपासकांचे पाय धुतात. २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोममधील बालगुन्हेगारांच्या कारागृहात केला. त्यात मुलींचा आणि मुस्लिमांचाही समावेश होता. २०१६ मध्ये कॅथलिक चर्चच्या नियमात बदल होऊन या विधीत स्त्रियांच्या सहभागास अधिकृत मान्यता मिळाली.

दैनंदिन जीवनात गुप्त दान, आत्मपरीक्षण, पापनिवेदन, चूक झाल्यास क्षमा मागणे, दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकणे, हलके समजले जाणारे काम स्वतः करणे आणि दुसऱ्याच्या यशात मनापासून आनंद मानणे, ही नम्रतेची लक्षणे मानली जातात. मदत स्वीकारता येणे हेही त्यांतील एक लक्षण होय. आयुष्यभर इतरांना देत आलेल्या मनुष्याला वार्धक्यात किंवा आजारपणात दुसऱ्याच्या हातून घास घ्यावा लागतो, तेव्हा पाय पुढे करण्यास कचरणाऱ्या पेत्राचा प्रसंग त्याला नव्याने कळतो.

आक्षेप आणि चर्चा

डेव्हिड ह्यूम याने १७५१ मध्ये नम्रतेची गणना निरुपयोगी ‘मठवासी’ गुणांत केली. फ्रीड्रिख नीत्शे याने १८८७ च्या ग्रंथात नम्रतेचा गौरव हे दुर्बलांच्या मनातील सुप्त वैराचे फळ ठरवले. अमेरिकन धर्मशास्त्रज्ञ व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मधील निबंधात, गर्वाला मुख्य पाप मानणारी मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली असल्याचे दाखवले. ज्या स्त्रिया आधीच इतरांसाठी स्वतःला पुसून टाकत असतात, त्यांना आत्मत्यागाचा उपदेश घातक ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

भारतीय समाजात हा आक्षेप अधिक तीव्र होतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावले, त्यांना नम्रता शिकवणे हा अन्यायाचाच विस्तार ठरू शकतो. आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाण्यावरील हक्क प्रस्थापित करण्यासाठी उचललेली ती ओंजळ आत्मसन्मानाची होती. तिला गर्व म्हणणे हा नम्रता या शब्दाचा विपर्यास होय. ख्रिस्ती समाजातही जातिभेद टिकून राहिला आणि दलित ख्रिस्ती धर्मशास्त्राने त्याविरुद्ध आवाज उठवला.

या टीकेमुळे नम्रतेच्या अर्थाची पुनर्तपासणी झाली. ज्याच्याजवळ सोडण्यासारखा मान किंवा अधिकार आहे, त्यालाच तो स्वेच्छेने सोडता येतो. ज्याच्याकडून तो आधीच हिरावून घेतला आहे, त्याला तो परत मिळणे हा न्याय होय. मीखाच्या वचनातही न्याय आधी येतो आणि नम्रता नंतर. त्यामुळे नम्रता हा इतरांना करण्याचा उपदेश नसून स्वतःला विचारण्याचा प्रश्न आहे, अशी भूमिका अनेक आधुनिक ख्रिस्ती विचारवंत मांडतात. पाय धुण्याच्या प्रसंगात गुरूने शिष्यांना आपले पाय धुण्यास सांगितले नाही. त्याने स्वतः घंगाळ उचलले, याकडे ते लक्ष वेधतात.